लाँच बुडाल्यानंतरची २३ वर्षं: वाचलेल्यांची कादंबरी लिहिताना

दुर्घटनेतून वाचलेल्या माणसांवर कादंबरी लिहायला घेतली की पहिली तीन-चार प्रकरणं बहुतेक जण दुर्घटनेवरच खर्च करून टाकतात. आग असो, पूर असो, अपघात असो. धूर, किंकाळ्या, सुटलेला हात. हे लिहायला सोपं जातं, कारण घटना आपली आपण पळत असते. पान ८०च्या आसपास गाडं अडतं. घटना संपली, माणसं उरली, आणि आता त्यांनी करायचं काय ते लेखकाला सुचत नाही. मग माळ्यावर एक डायरी सापडते, गुपित फुटतं, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात आणि पुस्तक आटोपतं.

माझ्या मते अशा कादंबरीचा विषय तो दिवस नसतोच. त्या एकाच दिवसाचे चार-पाच वेगवेगळे हिशेब चार-पाच माणसांनी वर्षानुवर्षं मनात जपलेले असतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कथानक हवं असेल तर ते या न जुळण्यात शोधायचं.

हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच वापरतो. मोठ्या जलाशयावर चालणारी प्रवासी लाँच. क्षमता ३०, चढलेले ४६. दिवसाची शेवटची फेरी. मध्यावर आल्यावर कुणीतरी ओरडतं, "ते बघा!" आणि उजवीकडचे लोक डावीकडे धावतात. लाँच कलंडते, उलटते. ११ जण वाचतात. गोष्ट सुरू होते ती २३ वर्षांनी.

लाँच का उलटली हे वाचकाला थोडं कळलं तरी चालेल, लेखकाला मात्र पुरतं कळायला हवं. माणसं वरच्या डेकवर उभी राहिली की लाँचचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि ती डुगडुगायला लागते. तळाशी साठलेलं पाणी उपसलेलं नसेल, तर लाँच ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला ते वाहत जातं आणि कल आणखी वाढवतं. त्यात गर्दी एका अंगाला गेली आणि कड पाण्याखाली गेली, की पुढचा खेळ सेकंदांचा. आता मोजा. जास्त माणसं चढू दिली, हे एक कारण. वरचा डेक भरू दिला, दुसरं. पाणी उपसलं नाही, तिसरं. कुणीतरी ओरडलं, चौथं. चार कारणं म्हणजे चार जणांना रात्री जागं ठेवायची सोय. म्हणूनच कथेसाठी दुर्घटना निवडताना निदान तीन स्वतंत्र कारणं असलेली निवडावी. एकच खलनायक असलेली दुर्घटना कादंबरीला पुरत नाही. खलनायकाला शिक्षा झाली की गोष्ट संपते, आणि वाचलेल्यांना एकमेकांशी बोलण्याचं कारणच उरत नाही.

पुढचा निर्णय वर्षांचा. '२० वर्षांनंतर' हा आकडा गोल आहे म्हणून उचलला जातो, आणि तिथेच पहिली चूक होते. प्रत्येक पात्राचं त्या दिवशीचं वय आणि आजचं वय शेजारी शेजारी लिहा. आपल्या लाँचवर ९ वर्षांची मुलगी होती, आज ३२ची. कॉलेजात जाणारा १७ वर्षांचा पोरगा, आज ४०चा. ३४ वर्षांची शिक्षिका, आज ५७ची. लाँच चालवणारा तांडेल ४१चा, आज ६४चा. मुलीची आई त्या दिवशी गेली तेव्हा ३१ वर्षांची होती. म्हणजे मुलगी या वर्षी आईपेक्षा मोठी झाली. २३ हा आकडा मी एवढ्यासाठीच धरला. आई-वडील ज्या वयात गेले ते वय ओलांडताना माणसं हलतात. बाहेरून काहीही घडलेलं नसताना आतलं जुनं सगळं वर येतं, आणि गोष्ट आजच का सुरू झाली या प्रश्नाला न सांगता उत्तर मिळतं. १० वर्षं धरली असती तर ती १९ची असती आणि हा धागाच नसता. ४० धरली असती तर तांडेल ८१चा, बहुधा साक्षीलाही नाही. आणखी एक बाब लोक विसरतात: घटना अलीकडची असेल तर कुणाच्या तरी फोनमध्ये व्हिडिओ असणार. मग सगळ्यांच्या आठवणीत तीच ४० सेकंदं, त्याच कोनातून. तशी कादंबरीही होऊ शकते, पण ती वेगळी.

आता एक कागद आडवा धरा आणि त्या दिवसाचा मिनिटवार तक्ता करा. ४:४०ला लाँच निघाली. ४:५२ला ओरडा. ४:५४ला उलटी. ५:२०ला पहिली होडी पोचली. म्हणजे २६ मिनिटं माणसं उलट्या बुडाला, टायरला, एकमेकांना धरून होती. प्रत्येक पात्रासाठी तीन रकाने ठेवा: त्याने खरोखर काय पाहिलं, तो लोकांना काय सांगतो, आणि एकटा असताना त्याला काय आठवतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यातलं अंतर हे त्या पात्राचं भांडवल. ज्याचे तिन्ही रकाने सारखे भरले, ते पात्र कादंबरीतून काढून टाका. ते माहिती पुरवण्यापलीकडे काही करणार नाही.

तिसरा रकाना भरण्याआधी आठवण कशी वागते ते समजून घ्यायला हवं, कारण इथे चित्रपटांनी आपलं फार नुकसान केलंय. चित्रपटात आठवण म्हणजे जपून ठेवलेली फीत. दाबलं बटण की सुरू. प्रत्यक्षात ती दर वेळी नव्याने जुळवली जाते. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान फुटलं, तेव्हा उलरिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून 'बातमी तुम्हाला कुठे, कशी कळली' हे लिहून घेतलं. अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्याच काहींना पुन्हा विचारलं. जवळपास पाव भाग विद्यार्थ्यांचं सगळंच चुकलं होतं: जागा, वेळ, सोबत कोण होतं, सगळं. तरी खात्री मात्र पक्की. त्यांच्याच अक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तेव्हाही काही जण नव्या आठवणीलाच चिकटून राहिले. हे बातमी ऐकणारे लोक होते, पाण्यात पडलेले नव्हते, एवढा फरक लक्षात ठेवायचा; पण कादंबरीकाराला त्यातून एक अख्खं प्रकरण मिळतं. पोराने १७व्या वर्षी चौकशीत दिलेला जबाब २३ वर्षांनी त्याच्या हातात येतो. खाली त्याची सही आहे. जबाबात म्हटलंय की तो वरच्या डेकवर नव्हता, खाली होता. तो कागद दोनदा वाचतो आणि म्हणतो, "अक्षर माझं आहे. पण असं झालं नव्हतं." जबाब खरा की आठवण खरी, हे लेखकाने तक्त्यात ठरवून ठेवावं आणि पुस्तकात सांगू नये.

भीतीत लक्ष आक्रसतं, हेही तितकंच कामाचं. त्या क्षणी नजर ज्यावर खिळते ते लख्ख राहतं आणि आजूबाजूचं पुसट होतं. ९ वर्षांच्या मुलीला आईचा चेहरा आठवणार नाही, आईच्या चपलेचा तुटलेला पट्टा आठवेल, आणि चेहरा आठवत नाही याची लाज ती २३ वर्षं बाळगेल. हा तपशील 'काव्यात्म' म्हणून वापरला तर वाया जाईल. त्या लाजेतून तिने काय केलं ते लिहा: आईचे फोटो तिने मावशीकडे ठेवले, कारण घरी असले तर कुणीतरी विचारेल, "आठवते का गं तुला?"

आणि तो संथ गतीचा प्रसंग! 'काळ जणू थांबला' हे वाक्य दर दुसऱ्या हस्तलिखितात सापडतं. मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ३१ मीटर उंचीवरून जाळीत पडू दिलं. पडताना मनगटावरच्या पडद्यावर आकडे इतक्या वेगाने बदलत होते की एरवी वाचता येणार नाहीत. काळ खरंच संथ झाला असता तर ते वाचता यायला हवे होते. ते आले नाहीत. पण स्वतःचं पडणं किती वेळ चाललं असं नंतर विचारल्यावर त्यांनी ते सरासरी ३६ टक्के जास्त सांगितलं. म्हणजे संथपणा आठवणीत असतो, घटनेत नाही. याचा लेखनातला अर्थ अगदी रोखठोक आहे. ४:५२ ते ४:५४ वर्तमानात घडताना लिहिणार असाल तर भराभर लिहा, वाक्यं तुटकी ठेवा, अर्ध्या गोष्टी दिसूच देऊ नका. संथ, लांब, पाण्याचा थेंबन् थेंब दाखवणारी वाक्यं २३ वर्षांनी सांगणाऱ्याच्या तोंडी शोभतात.

अपराधभावाकडे वळू. वाचलेल्यांच्या कथेत तो असणार हे गृहीतच असतं, म्हणून लेखक तो फक्त नोंदवून पुढे जातात: 'मीच का वाचलो, हा प्रश्न त्याला छळत होता.' एवढ्याने काही होत नाही. अपराधभावाला क्रियापद लागतं. मी ओरडलो. मी हात सोडला. मी तिकीट बदलून घेतलं. मला पोहता येत होतं आणि मी एकच फेरी मारली. आपल्या लाँचवर "ते बघा!" कोण ओरडलं हा कळीचा प्रश्न. सरळसोट लेखक ते एकाच्या माथी मारून शेवटच्या प्रकरणात उघड करेल. त्यापेक्षा असं करून पाहा: तिघांना वाटतंय की ओरडणारे आपणच होतो. पोराला, शिक्षिकेला, आणि त्या ९ वर्षांच्या मुलीलाही. तिघांनीही कधी कुणाला सांगितलेलं नाही. आता गुपित फुटण्याने सुटका होत नाही, उलट गुंता वाढतो. शिक्षिका म्हणते, मी ओरडले. पोरगा म्हणतो, नाही बाई, मी. इथे वाचकाला वाटतं की ओझं वाटून घेतलं, हलकं झालं. पण पोरगा चिडतो. त्याला ते ओझं सोडायचं नाही.

का नाही, याचं एक उत्तर मानसशास्त्रात आहे. रॉनी जानॉफ-बुलमन यांनी १९७९मध्ये स्वतःला दोष देण्याच्या दोन तऱ्हा वेगळ्या केल्या: 'मी असं वागलो म्हणून झालं' आणि 'मी आहेच असा म्हणून झालं'. पहिल्या तऱ्हेत दिलासा दडलेला असतो. मी ओरडलो म्हणून लाँच उलटली असेल, तर पुढच्या वेळी न ओरडणं माझ्या हातात आहे. जगाला काही नियम आहेत. माझा दोष काढून घेतला, तर ३५ माणसं उगाचच मेली असं मान्य करावं लागतं. त्यामुळे 'तुझी काही चूक नव्हती' हे वाक्य, जे प्रत्येक भल्या पात्राच्या तोंडी घातलं जातं, ते ऐकून बरं वाटण्याऐवजी पायाखालची जमीन सरकू शकते. तुमच्या पात्राला ते वाक्य ऐकवा आणि त्याला उठून जाऊ द्या.

शरीराबद्दल थोडक्यात, कारण इथे लेखक उगाच आरडाओरडा करतात. दचकून उठणं, घाम, वाईट स्वप्नं. खोटं नाही, पण वापरून गुळगुळीत झालंय. २३ वर्षांनी टाळाटाळ ही मुख्य गोष्ट असते, आणि ती दिसत नाही, कारण ती वेळापत्रकात मुरलेली असते. शिक्षिका रोज कामावर ४० मिनिटं वळसा घालून जाते. विचारलं तर म्हणते, त्या बाजूने ट्रॅफिक कमी असतं. सरळ रस्त्यावर पूल आहे, हे वाचकाला १०० पानांनंतर नकाशासारखं लक्षात यावं. तिच्या मुलीला पोहता येत नाही. क्लासची फी भरली होती, मग पहिल्याच आठवड्यात मुलीचा कान दुखला, मग पुन्हा घातलंच नाही. मुलीला वाटतं आपल्याला पाण्याची भीती आहे. टाळण्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजतंय हे दाखवलं, की आजाराचं नाव घ्यावंही लागत नाही.

सगळेच आजारी नसतात, हेही सांगायला हवं. वेल्समधल्या अबेरफानमध्ये २१ ऑक्टोबर १९६६ला खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा घसरून शाळेवर आला; १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. वाचलेल्या मुलांची ३३ वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा २९ टक्के जणांत आघातोत्तर तणाव विकाराची लक्षणं अजून होती. आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. तीन दशकांनंतरही एवढ्यांना त्रास आहे. आणि बहुतेकांना त्या अर्थाने विकार नाही. जॉर्ज बोनॅनो हे संशोधक २००४पासून सांगत आलेत की धक्क्यानंतर बरीच माणसं कामाला लागतात, हसतात, झोपतात. तुमच्या पाचांपैकी एक तरी असा ठेवा जो खरंच ठीक आहे. बाकीचे त्याच्यावर डूख धरतील. त्याच्या ठीक असण्यात त्यांना बेइमानी दिसेल, आणि कादंबरीतली सगळ्यात चांगली भांडणं तिथे मिळतील.

समूहाचं काय होतं हे एकेकट्याच्या दुःखाहून वेगळं असतं. अबेरफानमध्ये वाचलेली मुलं कितीतरी दिवस बाहेर खेळत नव्हती, कारण ज्यांची मुलं गेली त्यांना खेळणारी मुलं बघवत नसत. कुणी नियम केला नव्हता. असा एक न बोललेला नियम तुमच्या समूहालाही द्या. तिथे पैशानेही जखम चिघळली: लोकांनी दिलेल्या मदतनिधीतूनच उरलेले ढिगारे हटवायला १,५०,००० पौंड घेतले गेले, आणि ते १९९७मध्ये परत मिळाले, व्याजाविना. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकला २६ फेब्रुवारी १९७२ रोजी कोळसाखाणीचा बांध फुटला, १२५ माणसं मेली. समाजशास्त्रज्ञ काई एरिक्सन यांनी तिथे पाहिलं की पुरानंतर लोकांना तात्पुरत्या घरांत जागा मिळेल तसं बसवलं. जुने शेजार मोडले, आणि त्या मोडण्याने पुराइतकंच नुकसान केलं. याचा आपल्याला उपयोग असा, की दुर्घटनेनंतरची व्यवस्था ही दुसरी दुर्घटना असू शकते आणि ती कागदावर घडते. नुकसानभरपाईत मुलाला मोठ्याच्या निम्मी रक्कम धरली. स्मृतिफलकावर एक नाव चुकलं. यादीत ३४ नावं आली, ३५ नाहीत.

एकत्र आणायचं निमित्तही इथूनच काढा. वर्षदिन हे सगळ्यात कमकुवत निमित्त. तिथे कुणाला कुणाकडून काही नको असतं, म्हणून पात्रं उभी राहून आठवणी सांगतात. कागद चांगला. दुष्काळात जलाशय आटला, लाँचचा सांगाडा वर आला (चित्र देखणं आहे, म्हणून दोन परिच्छेदांत आवरा), आता तो भंगारात काढायचा आहे आणि वाचलेल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. ११पैकी ८ हयात आहेत. सह्या गोळा करायचं काम मुलीने अंगावर घेतलंय. प्रत्येक दारात तिला काहीतरी हवंय, आणि प्रत्येक जण सहीच्या बदल्यात काहीतरी मागतो. कथानक आपोआप चालायला लागतं.

उपचाराचे प्रसंग घालणार असाल तर नेमके घाला. समुपदेशक मान डोलावतो आणि पात्र तीन पानं बोलतं, हा उपचार नव्हे, ती लेखकाची सोय. आणि घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावण्याची पद्धत बरीच वर्षं सर्रास वापरली गेली. पुढे अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा तिचा फायदा दिसला नाही, काहींना अपायाचीच शक्यता निघाली. म्हणून 'एकदाचं बोलून टाकलं आणि मोकळा झाला' हे प्रकरण कृपा करून लिहू नका. मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये मांडलेला क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. लेखक थेट दुसऱ्या पायरीवर उडी मारतात. ज्या तांडेलाच्या दारावर अजून कुणीतरी दगड मारतंय, तो काहीही सांगणार नाही. त्याचं आधी घर बदलावं लागेल.

मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या दीर्घ सामोरेपणाच्या उपचारात तर कादंबरीकारासाठी आयती सामग्री आहे. साधारण ८ ते १५ बैठका, प्रत्येकी तास-दीड तास. माणसाने डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात सांगायची: 'मी डेकवर उभा आहे.' 'होतो' म्हटलं की उपचारतज्ज्ञ हळूच 'आहे'वर आणतो. हे ध्वनिमुद्रित होतं आणि घरी रोज ऐकायचं असतं. पोरगा, म्हणजे आता ४०चा गृहस्थ, पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून स्वतःचाच आवाज ऐकतोय. बायको वरून खिडकीतून बघतेय, तिला वाटतं फोनवर दुसरी कुणी आहे. मराठीत 'मी आहे' आणि 'मी होतो' यांच्यात जो एवढासा फरक आहे, त्याच्यावर अख्खा प्रसंग तोलता येतो. दुसरा भाग टाळलेल्या गोष्टींच्या यादीचा: प्रत्येकीला ० ते १०० असा भीतीचा अंक द्यायचा आणि खालून वर चढायचं. पाण्याचा फोटो पाहणं २०. पूल ओलांडणं ५५. डिझेलचा वास असलेल्या धक्क्यावर उभं राहणं ७५. लाँचमध्ये बसणं १००. ही यादी पात्राच्या हातात दिली की वाचक आपोआप १००ची वाट पाहतो. म्हणून पुस्तक १००वर संपवू नका. ५५वर अडवा, किंवा ७५ला नेऊन त्याच आठवड्यात २०च्या फोटोने कोसळू द्या. सावरणं वर चढणाऱ्या रेषेत होत नाही. एखाद्या वासाने, एखाद्या वयाने मागे जायला होतं, आणि मागे गेलेलं पात्र 'आता सगळं पाण्यात' असं म्हणत नाही, ते फक्त पुन्हा वळशाचा रस्ता धरतं.

प्रमाणाचं गणित: ९०,००० शब्दांच्या कादंबरीत तो दिवस ९,०००च्या वर जाऊ देऊ नये. तेही एका जागी नाही, सहा-सात तुकड्यांत, कुठलाही तुकडा दीड हजारापुढे नको, आणि प्रत्येक तुकड्याने आधीच्या तुकड्यातलं एक तरी वाक्य खोटं ठरवावं. नवी माहिती न देता केवळ हुंदका देणारा तुकडा सरळ कापा. ४:५४ ते ५:२०ची २६ मिनिटं मी सगळ्यात शेवटी ठेवेन, साधारण दोन-तृतीयांशावर. उलटण्यात सगळ्यांचं सारखंच झालं. कोण कसं वागलं ते त्या २६ मिनिटांत.

संवादांवर हस्तलिखितं सगळ्यात जास्त आपटतात. जे तिथे होते ते एकमेकांना घटना सांगत नाहीत. "तुम्हाला आठवतं ना बाई, २३ वर्षांपूर्वी लाँच उलटली तेव्हा आपण टायरला धरून होतो" असं वाक्य वाचकासाठी लिहिलेलं असतं, बाईंसाठी नाही. त्याऐवजी:

"बाई, ओळखलंत?"

"आवाजावरून. केस कुठे गेले तुझे?"

"गेले. तुम्ही बारीक झालात."

"शुगर आहे." मग थोड्या वेळाने, "पोहायला शिकलास का मग?"

"मला तेव्हाही येत होतं, बाई."

यात लाँच हा शब्द नाही, पाणी नाही. पण त्याने त्या दिवशी काय केलं नाही, ते बाईंना आत्ता कळलं. पुढचं वाक्य बाईंना देऊ नका. चहा ओतू द्या.

निवेदन एकाचं ठेवावं की प्रत्येक प्रकरणात वेगळ्याचं, यावर वाद घालत नाही. पाच आवाज वेगळे काढता येत नसतील तर एकच घ्या. मात्र मराठीत लिहिणाऱ्याकडे एक हत्यार आहे, जे कितीतरी भाषांतल्या लेखकांना मिळत नाही: आम्ही आणि आपण. आम्ही म्हटलं की समोरचा वगळला, आपण म्हटलं की तो आत आला. वाचलेल्यांच्या समूहात या दोन शब्दांवरून कोण कुठे उभं आहे ते कळतं. पत्रकाराशी बोलताना सगळे आम्ही. आपसात आपण. तांडेल समोर आला की पुन्हा आम्ही, त्याच्या तोंडावर. हे जाणून-बुजून चालवा, प्रत्येक प्रसंगात तपासा, आणि वाचकाला कधीही समजावून सांगू नका.

यासाठी एक पाचवा माणूस लागतो, जो मी आतापर्यंत मागे ठेवला होता. त्याने तिकीट काढलं होतं, पण तो चढला नाही. गर्दी बघून मागे राहिला, आणि त्याच्या जागी दुसरं कुणीतरी चढलं. वाचलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नाही, मृतांच्याही नाही. भरपाई नाही, जबाब नाही, वर्षदिनाचं बोलावणं नाही. तो २३ वर्षं 'तुमची लाँच' म्हणत आलाय. दुःखाच्या रांगेत त्याचा नंबर शेवटचा लागतो, आणि बाकीचे तो त्याला लावूनही देतात. लेखकांना हे पात्र बाजूचं वाटतं. मला ते मधलं वाटतं. त्याच्याशी हे चौघे कसे वागतात यावरून त्यांचं किती सावरलंय ते मोजता येतं, त्यांच्या झोपेवरून नाही.

शेवटासाठी चौघांची चार वेगळी ठिकाणं ठरवा. मुलगी मावशीकडून फोटोंचा डबा आणते, उघडत नाही, पण घरात ठेवते. पोरगा ध्वनिमुद्रण ऐकणं अर्ध्यावर सोडतो आणि बायकोला गाडीत बोलावतो. शिक्षिका पुलावरून जाते, आणि परत येताना वळशाने येते. तांडेलाचं काहीच होत नाही. ४६ जण चढले होते हे तो अजूनही मानत नाही, म्हणतो मी ३८ मोजले. एकाचं तरी राहू द्यावं.

आणि सह्यांचा कागद. आठही झाल्या. पाचवा माणूस दारात उभा आहे, तो फक्त मुलीला सोडायला गाडी घेऊन आलाय. शिक्षिका कागद त्याच्यापुढे सरकवते. त्याच्या नावाची ओळ त्यावर नाही. ती पेनाने खाली एक रेघ ओढते. तो म्हणतो, "माझी कशाला? तुमच्या लाँचचा कागद आहे."

"इथे कर," ती म्हणते. "आपल्या लाँचचा आहे."

तुमच्या खर्ड्यात यानंतर दीड पान असेल, त्यात तो सही करत असेल, बाहेर पाऊस सुरू होत असेल. ते दीड पान काढा.